पाच रुपयांची हुज्जत
परवा मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवरून अशी हुज्जत घातली, की शेजारचा लिंबूवाला हसायला लागला. वीसची जुडी पंधराला मिळाली, वर कढीपत्ता फुकट. त्याच पिशवीनिशी सराफाकडे गेलो. ४०,००० च्या सोन्यावर बारा टक्के घडणावळ सांगितली, मी मान डोलावली आणि चहा प्यायलो. एक टक्का कमी करा म्हणायचं सुचलंच नाही. तो एक टक्का म्हणजे ४०० रुपये, म्हणजे ऐंशी जुड्यांवरची घासाघीस! टव्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली हीच गंमत दाखवली होती: १५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर ५ डॉलर वाचवायला वीस मिनिटं लांब जायची तयारी ६८ टक्के लोकांची, कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा म्हटला, की तेच ५ डॉलर फक्त २९ टक्क्यांना मोलाचे वाटले. भाजीवालीशी घासाघीस ही काटकसर नव्हेच, निव्वळ करमणूक आहे, आणि तीही तिच्या खर्चाने. भाव करायचा तर एसीत बसवून चहा पाजणाऱ्याशी करावा. हे सगळं घरी ऐकवलं, तर ही म्हणाली, “जुडी आतून पिवळी निघालीय.”