एसी जनरेटर काढा, बॅटरीला थेट डीसी द्या

मोटरहोममधला जुना जनरेटर थकला की अमेरिकेतला मेकॅनिक ठरलेला सल्ला देतो: त्याच मापाचा नवा बसवा. चार किलोवॅटचा होता तर चार किलोवॅटचाच, १२० व्होल्ट एसी देणारा. सल्ला प्रामाणिक आहे, पण तो लिथियम बॅटरी येण्यापूर्वीच्या गाडीसाठी आहे. ज्या गाडीत आज मोठी लिथियम बॅटरी आणि दणकट इन्व्हर्टर बसला आहे, तिथे जनरेटरला एकच काम उरते, ते म्हणजे बॅटरी भरणे. मग त्याने थेट डीसी वीजच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्यूजपेटीशेजारचा, एसीची डीसी करून बॅटरी भरणारा कन्व्हर्टर पाहा. कितीतरी गाड्यांत कारखान्यातूनच तो ५५ अँपिअरचा येतो. साडेतेरा व्होल्टला ५५ अँपिअर म्हणजे साधारण साडेसातशे वॅट. बॅटरी भरायला म्हणून चालू केलेला चार हजार वॅटचा जनरेटर आपल्या ताकदीच्या पाव हिश्श्यानेही काम करत नाही. इंजिन मात्र मिनिटाला ३६०० फेरे घेतच राहते, कारण ६० हर्ट्झची वीज द्यायची तर दोन ध्रुवांच्या जनरेटरला तो वेग सोडता येत नाही. भार नाममात्र, वेग पुरा. इंधन जळते, इंजिनात काजळी धरते आणि शेजाऱ्याची संध्याकाळ वाया जाते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा नियमातच घातलेली आहे, ती उगाच नव्हे.

यावर पहिला आक्षेप येतो तो हलक्या इन्व्हर्टर जनरेटरवाल्यांचा. होंडाचा ईयू२२००आय भार कमी झाला की वेग कमी करतो, मग अडचण कुठे, असे ते विचारतात. यंत्र उत्तम आहे, यात वाद नाही. पण त्याच्या पोटात काय चालते? अल्टरनेटर एसी बनवतो, तिची आतल्या आत डीसी होते, मग इन्व्हर्टर त्या डीसीची १२० व्होल्ट एसी करतो. ही एसी वायरीतून गाडीत येते आणि चार्जर तिची पुन्हा डीसी करून बॅटरीला देतो. हा सरळसरळ द्राविडी प्राणायाम आहे. दर टप्प्यावर थोडी वीज उष्णता होऊन जाते आणि दर टप्प्यावर बिघडायला एक नवे यंत्र असते. इंजिनाला वेग बदलण्याची मोकळीक मिळते ती मधल्या डीसीमुळे. ती डीसीच उचलून बॅटरीला द्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

‘एसी श्रेष्ठ ठरली म्हणूनच जगाने ती स्वीकारली’ हा दुसरा युक्तिवाद इतिहास अर्धाच सांगतो. १८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून दिलेली वीज डीसी होती आणि ती जवळपासच्या वस्तीपुरतीच पोचत होती. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलोपर्यंत गेली ती एसीच्या बळावर, कारण ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवून ती दूर धाडता येत होती. एसीने बाजी मारली ती अंतराच्या प्रश्नावर. तीस फुटांच्या गाडीत जनरेटरपासून बॅटरी काही पावलांवर असते. तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे: एअर कंडिशनर. छतावरचे १३,५०० बीटीयूचे एक यंत्र सुरू असताना दीड किलोवॅटच्या आसपास वीज खाते. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात ते दहा तास चालले तर पंधरा युनिट झाली. ‘एवढी वीज बॅटरीतून काढणार?’ सगळी नाही. डीसी जनरेटर चालू असतो तेव्हा त्याची वीज सरळ इन्व्हर्टरकडे जाते आणि उरलेली तेवढी बॅटरीत जमा होते. तीन किलोवॅटचा संच थांबत थांबत चालवून हे काम निभावता येते. मात्र चाळीस फुटी बस, छतावर दोन-तीन यंत्रे आणि मुक्काम टेक्सासच्या जूनमध्ये, असा बेत असेल तर मोठा एसी जनरेटरच ठेवावा. तिथे माझा आग्रह नाही.

‘इन्व्हर्टर बिघडला तर सगळेच बंद’ ही भीती मात्र फुगवलेली आहे. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा ही सगळी मंडळी मुळात १२ व्होल्ट डीसीवरचीच. ती चालू राहतील, मायक्रोवेव्ह तेवढा थांबेल.

आता किंमत. डीसी संच बनवणारे थोडे आणि त्यांचे भाव चढे, हे नाकारण्यात अर्थ नाही. संच डिझेलवरचा असेल आणि गाडी पेट्रोलची, तर टाकीही वेगळी लागते. म्हणून जुना जनरेटर ठणठणीत असेल तर तो उपटू नका. ५५ अँपिअरचा कन्व्हर्टर काढून शंभर-सव्वाशे अँपिअरचा लिथियमला चालणारा चार्जर लावा, इंजिन निम्म्या वेळात मोकळे होईल. आणि स्प्रिंटर किंवा ट्रान्झिटसारखी व्हॅन असेल, रोज दोन-तीन तास प्रवास होत असेल, तर गाडीच्याच इंजिनावर दुसरा अल्टरनेटर बसवणे सर्वांत शहाणपणाचे. तोही डीसी जनरेटरच झाला.

खरा कस लागतो तो जोडणीत. तीन किलोवॅट १२ व्होल्टवर न्यायचे तर अडीचशे अँपिअर वाहतात. ४८ व्होल्टवर जेमतेम बासष्ट. तीच केबल, तेवढीच लांबी, पण तारेतली उष्णता सोळा पटींनी कमी. नवी मांडणी करणाऱ्याने ४८ व्होल्टच धरावे. मोबाइल टॉवरवरची यंत्रणा ४८ व्होल्ट डीसीवरच चालते, तेव्हा यात जोखमीचा प्रयोग काही नाही.

आणखी एक गोष्ट बसवणाऱ्याकडून करवून घ्याच. लिथियम बॅटरीच्या रक्षक सर्किटने धोका ओळखून अचानक संपर्क तोडला, तर भरधाव अल्टरनेटरचा दाब उसळतो आणि त्याचे डायोड जळतात. म्हणून रेग्युलेटर असा हवा, की बॅटरी तुटण्याआधी तिच्याकडून इशारा घेऊन तो फील्डचा प्रवाह उतरवेल. लिथियम बॅटरी भुकेली असते, मिळेल तेवढा प्रवाह ओढते. तेव्हा अल्टरनेटरवर तापमानाचा सेन्सरही पाहिजे. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, हेही रेग्युलेटरला कळले पाहिजे. या तीन गोष्टी टाळून स्वस्तात काम करून देणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसाच्या सरकारी माळावर परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येते. गाडीला जोडायला विजेचा खांब नसतो. थंडीतल्या अशा मुक्कामाचे रोजचे तीन युनिट भरून काढायला एसी जनरेटर आणि जुना कन्व्हर्टर मिळून चार तासांवर घेतात. तीन किलोवॅटचा डीसी संच तेच काम तासाभरात उरकतो. निवृत्तीनंतर मोटरहोम घेऊन निघणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे: नव्या जनरेटरच्या ऑर्डरवर सही करण्यापूर्वी कन्व्हर्टरच्या पट्टीवरचा अँपिअरचा आकडा वाचा, आठवडाभर बॅटरी मॉनिटरवर रोजचा खर्च टिपा आणि मगच मेकॅनिकशी बोला.