तंबूतली शेगडी आणि पहाटेची पोटदुखी

मे संपता संपता भंडारदऱ्यात काजवे चमकू लागले की नाशिकच्या गाड्या घोटीच्या दिशेने निघतात. थंडीत हीच मंडळी वैतरणेच्या किंवा गंगापूर धरणाच्या काठी तंबू ठोकतात. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या तळात जीप घालायची, रुतली की ढकलायची, रात्री कोळशावर काहीतरी भाजायचे, असा बेत असतो. (गंगापूरचेच पाणी नाशिकच्या नळांना येते, हे काठावर गाडी धुणाऱ्यांच्या लक्षात नसावे.) उघड्यावर एक रात्र काढण्यात वाईट काहीच नाही. घरच्यांना काळजी असते ती बिबट्याची. पण तंबूत माणसाचा जीव घेऊ शकतील अशा दोन गोष्टी फारच शांतपणे येतात, तेही माणूस झोपेत असताना.

पहिली कोळशाची शेगडी. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत धरणाकाठी गारठा सोसत नाही. मग जेवण झाल्यावर धगधगती शेगडी तंबूत घेतली जाते आणि चेन लावली जाते. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. हे सारे प्रवासाच्या शिणावर किंवा पेल्यावर ढकलून माणूस झोपतो. कोविडनंतर अनेकांच्या पिशवीत असलेले ऑक्सिमीटरही इथे फसवते. ते या वायूने व्यापलेले रक्त ओळखत नाही आणि आकडा चांगला दाखवते. चिखलात रुतलेल्या जीपमध्ये इंजिन चालू ठेवून झोपणे याच जातीचे. सायलेन्सरचे तोंड गाळाने बुजले की धूर गाडीत शिरू शकतो. अशा माणसाला आधी मोकळ्या हवेत आणायचे आणि प्राणवायू मिळेल अशा रुग्णालयात न्यायचे.

दुसरी गोष्ट मण्यार. उकाड्यात आणि पावसाळ्यात ती रात्री बाहेर पडते आणि जमिनीवरच्या अंथरुणात शिरते. नागाच्या किंवा घोणसाच्या दंशाने सूज येते, आग होते. मण्यारीचा दंश बहुतेकदा जाणवतही नाही, दातांच्या खुणा शोधूनही सापडत नाहीत. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो. रात्रीचे चिकन बाधले म्हणून कोणीतरी ॲसिडिटीची गोळी देतो आणि मौल्यवान दोन तास जातात. मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटेच्या पोटदुखीबरोबर पापण्या जड झाल्या, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो सर्पदंशच समजावा. सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविष मोफत मिळते. पण अर्धांगवायू छातीपर्यंत पोचला की कृत्रिम श्वासाची सोय लागते. ती वेळेवर मिळाली, तर निपचित, मेल्यासारखा दिसणारा रुग्णही काही दिवसांनी उठून बसतो.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. त्यात विचार मुख्यतः शेतकरी आणि शेतमजुरांचा आहे, आणि तो तसाच असायला हवा. पण त्याच शेतालगतची जमीन आता रात्रीच्या भाड्याने दिली जाते. गावातला माणूस निदान अंगणात खाट टाकतो. पाहुण्याला मात्र पैसे घेऊन जमिनीवर झोपवले जाते. तंबूंना परवानगी द्यायचीच असेल तर तिच्या अटींत ध्वनिक्षेपकाच्या वेळेइतकेच महत्त्व खाटेला, नीट खोचलेल्या मच्छरदाणीला आणि तंबूबाहेर विझवलेल्या शेगडीला हवे. उरलेले अन्न काठावर टाकले की उंदीर येतात, आणि त्यांच्यामागून साप. त्यामुळे कचऱ्याचीही अट आलीच.

आगाऊ पैसे भरताना लोक बार्बेक्यूत काय काय मिळेल ते बारकाईने विचारतात. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारता येतील: व्हेंटिलेटर असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कुठे आहे, आणि पहाटे तीन वाजता तिथे गाडी नेणारा, न प्यायलेला चालक जागेवर असतो का.