वापरलेल्या पाण्याची वाट

मे 2022 मध्ये डोंबिवलीजवळच्या संदप गावात कपडे धुवायला खदाणीवर गेलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण बुडून मरण पावले. घरात पुरेसे पाणी असते तर त्यांच्यावर खदाणीवर जाण्याची वेळ आली नसती. म्हणून संदपसह कल्याण-डोंबिवली महापालिकेतील 27 गावांत केंद्राच्या अमृत पाणीपुरवठा योजनेचे नळ पोहोचलेच पाहिजेत. पण नळाने आलेले पाणी मोरीतून बाहेर पडल्यावर कुठे जाणार, हेही त्याच वेळी ठरले पाहिजे.

हिशेब साधा आहे. घरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. माणशी 135 लिटर या शहरी निकषाने पाच जणांच्या घरातून रोज 540 लिटर. पूर्वी हे पाणी परसातल्या अळूला, केळीला जाई; उरलेले खाचरात जिरे. आता खाचरांवर चाळी उभ्या राहिल्या आणि तेच पाणी नाल्याने खाडीला जाते. ही 27 गावे 1983 मध्ये महापालिकेत आली, 2002 मध्ये वगळली गेली, 2015 मध्ये पुन्हा आली. गावे कोणाची, या वादात मलवाहिन्या मागे पडल्या.

म्हारळ, वरप, कांबा या ग्रामपंचायतींचा प्रश्न तर थेट कल्याणच्या घशाशी येतो. ही गावे उल्हास नदीच्या काठावर आहेत आणि त्यांच्या खालच्या अंगाला मोहिली येथे महापालिका पिण्याचे पाणी उचलते. गावाचे सांडपाणी ही शहराचीही जबाबदारी आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. ग्रामपंचायतींकडे पैसा अगदीच नाही असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी त्यांच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिली होती.

उपाय मात्र इथल्या मातीला मानवणारा हवा. शोषखड्ड्यांच्या ‘नांदेड पॅटर्न’ने मराठवाड्यातील कितीतरी गावांची उघडी गटारे आणि डास हटवले. कोकणपट्टीत मात्र आषाढात भूजल जमिनीलगत येते. तेव्हा खड्डा पाणी जिरवत नाही, भरून वाहतो, आणि शेजारी विहीर असेल तर तीही नासते. अशा ठिकाणी मोरीचे पाणी आधी गाळ बसवण्याच्या टाकीत आणि मग कर्दळ लावलेल्या खडी-वाळूच्या वाफ्यातून सोडावे. पंपाविना, उतारावर चालणारी ही रचना पाड्यालाही झेपते. खडीत गाळ साचला की वाफा तुंबतो, एवढी देखभाल मात्र चुकवून चालत नाही.

शौचालयाच्या टाकीचे काम वेगळे. ती दोन-तीन वर्षांनी उपसली नाही तर मैला तसाच पुढे जातो. टाकी तुंबल्यावर टँकर बोलवायचा आणि त्याने तो कुठे रिकामा केला हे विचारायचे नाही, ही सवय मोडली पाहिजे. वाई नगर परिषदेने प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा ठरल्या वेळी उपसून मैल्यावर प्रक्रिया सुरू केली. वाईला जमते ते कल्याण तालुक्याला का जमू नये?

सर्वांत निकडीची आहे ती जागा. प्रक्रियेसाठी गावाच्या सखल अंगाची काही गुंठे जमीन लागते, आणि नेमकी तीच भराव घालून विकली जात आहे. उरलेल्या गुरचरणातून ती जिल्हाधिकाऱ्यांनी आताच राखून ठेवावी. गटाराचे पाणी कुठे तुंबते हे गावातल्या बायकांना नकाशाशिवाय ठाऊक असते. या जागेच्या मोजणीच्या दिवशी त्यांना सोबत घ्यावे.