मंत्रिमहोदय, बटणाच्या फोनवर ‘संचार साथी’ कधी?

माननीय श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली



17 जानेवारी 2025 रोजी आपण ‘संचार साथी’ अ‍ॅपचे उद्घाटन केलेत. हरवलेला फोन बंद पाडणे, स्वतःच्या नावावर किती सिमकार्डे निघाली आहेत ते पाहणे, फसव्या कॉलची तक्रार करणे ही सगळी कामे त्यावर होतात. अ‍ॅप उपयोगाचे आहे, यात वाद नाही. अँड्रॉइडवर मिळते, आयफोनवरही मिळते. पण आपल्या ग्वाल्हेरातल्या हजिऱ्यात तानसेनाच्या कबरीपासून निघून 1992 साली बंद पडलेल्या जे. सी. मिलच्या आवारापर्यंत चालत गेले, तर या दोन्हींत न बसणारे फोनही खिशाखिशांत दिसतात. बटणांचे.

या फोनला मागास म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. जुलै 2017 मध्ये रिलायन्सने जिओफोन जाहीर केला तेव्हा 1500 रुपये अनामत, सव्वादोन-अडीच इंची पडदा आणि आत 4जी असा तो चमत्कारच होता. त्यात चालते ती कायओएस, म्हणजे मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसवर बेतलेली प्रणाली. जून 2018 मध्ये गूगलने तिच्यात 2.2 कोटी डॉलर गुंतवले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात व्हॉट्सअ‍ॅप आले आणि ज्यांनी आयुष्यात कधी टचस्क्रीनला बोट लावले नव्हते, तेही नातवंडांचे फोटो पाहू लागले. असे दहा कोटींहून अधिक फोन विकल्याचे कंपनीने 2020 मध्ये सांगितले.

मग उतरण लागली. 25 जून 2024 पासून कायओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने उतरवून घेता येईना. ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांना 2025 च्या सुरुवातीपर्यंत मुदत मिळाली. नवा अँड्रॉइड घेतला तरी जुने संदेश तिकडे नेण्याची सोय नव्हती.

याच सुमारास दुसरीकडे काय चालले होते ते पाहावे. जानेवारी 2025 मध्ये आंध्र प्रदेश सरकारने ‘मन मित्र’ सुरू केले आणि 161 सरकारी सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणल्या. फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्यासाठी मेटाशी हातमिळवणी केली. आणि त्याच जानेवारीत आपले संचार साथी. म्हणजे ज्या दोन-तीन महिन्यांत बटणाच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅप गेले, नेमक्या त्याच महिन्यांत सरकारी कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर आणि अ‍ॅपवर चढला. हे कुणी ठरवून केले नसेल. पण ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नसावी, आणि तक्रार तिथे आहे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या कंपनीला सरसकट दोषी धरता येत नाही. बहुतेक जिओफोनमधली कायओएस 2016 च्या ब्राउझर-इंजिनावर उभी आहे. त्या इंजिनासाठी अ‍ॅपची वेगळी आवृत्ती राखायची, सुरक्षेच्या दुरुस्त्या करायच्या, आणि त्यातून कमाई जवळजवळ शून्य. ग्राहक थोडे म्हणून अ‍ॅप नाही, अ‍ॅप नाही म्हणून ग्राहक आणखी थोडे. विंडोज फोन याच फेऱ्यात संपला. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेले यूट्यूबचे अ‍ॅप गूगलने अडवले, आणि 31 डिसेंबर 2019 ला त्या फोनांवरचे व्हॉट्सअ‍ॅपही बंद झाले. फरक एवढाच की विंडोज फोनचा मालक हळहळला आणि त्याने दुसरा फोन घेतला. पंधराशे रुपयांची अनामत भरतानाही ज्याने दोनदा विचार केला होता, त्याचे काय?

खाजगी कंपनीने दुकान आवरले तर तो तिचा व्यवहार. सरकारने मात्र आपले दार कुठे लावायचे, हे त्या दुकानाच्या भरवशावर ठरवू नये.

उपाय कुठून आयात करायला नको. कोरोनाकाळातले आरोग्य सेतू अ‍ॅप 2 एप्रिल 2020 रोजी अँड्रॉइड आणि आयफोनसाठी आले. मेच्या मध्यापर्यंत त्याची जिओफोनवर चालणारी आवृत्ती तयार होती, आणि ज्यांच्याकडे तीही नाही त्यांच्यासाठी 1921 हा क्रमांक. सहा आठवड्यांत! 8 मार्च 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने यूपीआय 123पे सुरू केले ते 40 कोटींहून अधिक साध्या फोनधारकांचा विचार करून: फोन लावा, आकडे दाबा, पैसे पोचतात. सायबर फसवणुकीसाठीचा 1930 कोणत्याही फोनवरून लागतो. खुद्द आपल्या दूरसंचार विभागातही नमुना आहेच. केवायएम लिहून पुढे फोनचा आयएमईआय क्रमांक टाकायचा आणि 14422 वर एसएमएस पाठवायचा, की तो हँडसेट खरा की चोरीचा हे कळते. (हा क्रमांक ठाऊक असलेला माणूस शोधायला मात्र संचार साथीसारखेच एखादे अ‍ॅप काढावे लागेल.)

विभागाचे हात बांधलेले नाहीत, हेही दिसले. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस विभागाने दोन आदेश काढले. एकाने प्रत्येक नव्या स्मार्टफोनमध्ये संचार साथी आधीच घालून देण्यास सांगितले. त्यावर गदारोळ झाला आणि 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. दुसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामसारख्या सेवांना चालू सिमशी जोडलेले राहण्यास बजावले. ज्यांना अ‍ॅप नको होते त्यांच्या फोनमध्ये ते शिरवण्याची एवढी घाई झाली. ज्यांना हवे असूनही मिळत नाही, त्यांच्यासाठी एक परिपत्रकही निघाले नाही.

आपल्या घराण्याच्या छोट्या रेल्वेची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे. ग्वाल्हेर ते श्योपूर, सुमारे 200 किलोमीटर, दोन फुटी रूळ. 2020 मध्ये ती थांबली. मोठा रूळ टप्प्याटप्प्याने येतो आहे. रुंदीकरणाला कुणाचाच विरोध नव्हता. पण जुनी गाडी थांबल्यापासून नवी येईपर्यंत श्योपूरच्या प्रवाशाला बसचा धक्का खावा लागला. बटणाच्या फोनवाल्यासाठी आज तशी बसही लावलेली नाही. जुलै 2023 मध्ये 999 रुपयांचा जिओभारत हा बटणांचा फोन आला, तोही जिओसिनेमा, जिओसावन आणि जिओपे घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपचे नाव त्यात नव्हते.

मागणे फार नाही. संचार साथीची तीन मुख्य कामे बटणाच्या फोनवाल्यालाही करता यावीत. फसव्या कॉलची तक्रार एका टोल-फ्री क्रमांकावर, हिंदी आणि मराठीसह प्रमुख भाषांत, आकडे दाबून व्हावी. सिमकार्डांची यादी मागवायला एसएमएस पुरेसा आहे. हरवलेला फोन बंद पाडण्यासाठी पोलिस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागते, ते आवाजी मेनूवर होणार नाही; पण टपाल खातेही आपल्याच मंत्रालयात आहे. देशभरच्या दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालयांच्या खिडकीवर तो अर्ज भरून घेता येईल. सुरुवात ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरच्या मोठ्या टपाल कार्यालयापासून करा, मग हजिऱ्यात आणा. आणि राज्य सरकारांनी एखादी सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर नेली, तर तीच सेवा साध्या कॉलवरही द्यावी, असे एक पत्र आपण मुख्यमंत्र्यांना धाडावे.

आरोग्य सेतूला सहा आठवडे लागले होते. संचार साथीला किती लागतील, याची तारीख आपल्या कार्यालयाने जाहीर करावी, आणि ती एसएमएसनेच कळवावी.

कळावे.