ओल्या चादरीची लाज कोणाला?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत अगरबत्तीचा दाट धूर असतो आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवलेला असतो. "पाणी कमीच देतो, फादर. अंथरूण भिजतं," घरचे कुजबुजतात. आजारी ते ऐकत असतो. त्याची वाचा गेली आहे, कान गेलेले नाहीत.

या कुजबुजीविरुद्ध आम्हांला मोठ्याने बोलायचे आहे.

लघवीवरचा ताबा सुटणे हा म्हातारपणाचा हट्ट नव्हे, पापाची शिक्षा तर मुळीच नव्हे. मूत्राशय भरू लागले की मेंदूचा पुढचा भाग त्याला आवरून धरतो. पक्षाघाताने तो भाग दुखावला की आवर सुटतो. काहींची लघवी उलट तुंबते. कित्येकदा मूत्राशय धड असते. पण लुळा पाय संडासापर्यंत पोहोचत नाही आणि जीभ हाक मारू शकत नाही. इस्पितळात दाखल होणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांपैकी सुमारे ४० ते ६० टक्क्यांना हा त्रास होतो. वर्षानंतर तो सुमारे १५ टक्क्यांना उरतो. म्हणजे पुष्कळांची यातून सुटका होते.

तरीही आपण काय करतो? पाणी तोडतो. त्याने लघवी दाट होते, बद्धकोष्ठ जडतो आणि त्रास वाढतो. स्वतःच्या सोयीसाठी नळी कायम ठेवून घेतो आणि जंतुसंसर्गाला दार उघडून देतो. वास्तविक दर दोन तासांनी भांडे द्यावे, खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवावी, नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा घालावा. संसर्ग आहे का, लघवी मागे राहते का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. गिळण्याचा, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाणही त्यांनीच ठरवावे. व्यायाम आहेत, औषधे आहेत. मात्र डॉक्टरांपुढे तोंड उघडले पाहिजे.

"जीव वाचला हेच पुष्कळ, उरलेला क्रूस सोसावा," असे काही भाविक म्हणतात. आम्हांला हे मान्य नाही. वाट्याला आलेला क्रूस वेगळा आणि आपल्या संकोचाने दुसऱ्याच्या खांद्यावर लादलेला वेगळा. ओल्या चादरीच्या भीतीने माणूस लग्नाला जात नाही, मिस्सेला येत नाही, मुलाच्या घरी राहत नाही. त्याच्याबरोबर रात्री उठणारी पत्नी वा सूनही घरातच कोंडली जाते. सणाच्या रोषणाईला आपली वर्गणी भराभर जमते. चर्चच्या आवारातील शौचालयाला पायऱ्यांऐवजी उतार आणि आधाराला दांडा असावा, हे मात्र कोणाला सुचत नाही.

या आरोपातून आम्ही स्वतःला वगळत नाही. इतकी वर्षे प्रार्थना म्हणून, आशीर्वाद देऊन आम्ही त्या खाटेजवळून उठलो. "रात्री किती वेळा उठावे लागते?" एवढे विचारले नाही. येत्या शुक्रवारी विचारणार आहोत. घरच्यांनी उत्तर कुजबुजत देऊ नये.