टोलमाफी राहू द्या, आधी चालू चार्जर दाखवा

महाराष्ट्राच्या नव्या ईव्ही धोरणाला मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५मध्ये मंजुरी दिली. त्यात सगळ्यात जास्त गाजली ती टोलमाफी. अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या तिन्हींवर इलेक्ट्रिक कारला टोल नाही. ऑगस्टपासून अंमलबजावणी सुरू झाली, तरी फास्टॅगमधून पैसे कापले जातच होते आणि तक्रारी डिसेंबरात विधानसभेपर्यंत पोचल्या. चर्चा झाली ती एवढीच. पण इलेक्ट्रिक गाडी घेऊन मुंबईहून नागपूरला निघालेल्या माणसाच्या डोक्यात टोलनाका नसतो. पुढचा चार्जर चालू असेल ना, हा घोर त्याला लागलेला असतो. सरकारने पैसा आणि लक्ष तिकडे वळवावं, यासाठी हे मुद्दे.

१. आधी हिशेब करू. समृद्धी ७०१ किलोमीटरची आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. मुंबईतल्या घरापासून धरलं तर प्रवास साडेसातशेच्या घरात जातो. गाडीची बॅटरी ४५ युनिटची आहे असं समजा. ताशी शंभरच्या आसपास चालवली तर एका युनिटात सुमारे सहा किलोमीटर पडतात. घरून पूर्ण भरून निघालात आणि दहा टक्के उरलेले असताना थांबलात, तर पहिला पल्ला २४० किलोमीटरचा. त्यानंतर दर वेळी दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंतच भरायचं, कारण ऐंशीच्या पुढे बॅटरी वीज हळूहळू घेते. म्हणजे पुढचे पल्ले १९०-१९० किलोमीटरचे. एकूण थांबे तीन, आणि प्रत्येक थांबा पाऊण ते एक तासाचा.

यात रडण्यासारखं काही नाही. समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर चालकाने दर दोन-अडीच तासांनी उतरायलाच हवं, मग गाडी डिझेलची का असेना. पण हे तीनही थांबे ठरल्या जागी, ठरल्या वेगाने वीज देणारे हवेत. त्यातला एक बंद निघाला की गणित कोसळतं. पूर्ण रस्त्याचा एकेरी टोल चौदाशे रुपयांच्या पुढे जातो. तो भरावा लागला तर माणूस कुरकुरत का होईना, नागपूरला पोचतो. चार्जर बंद निघाला तर टो-व्हॅनला फोन करतो.

२. सरकार मोजतं काय, हा खरा वादाचा मुद्दा आहे. डिसेंबर २०२४मध्ये देशात २५,२०२ सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं असल्याची केंद्राची आकडेवारी होती. त्यात कर्नाटक ५,७६५ स्टेशनं घेऊन पहिलं आणि महाराष्ट्र ३,७२८ घेऊन दुसरा. आकडा ऐकायला भरघोस आहे. पण त्यात मॉलच्या तळघरातला संथ चार्जरही एक आणि महामार्गावरचा ६० किलोवॅटचा जलद चार्जरही एकच. त्यांतले आज, या क्षणी किती चालू आहेत, ते या आकड्यातून कळत नाही. आपल्याकडे गावात नळ बसला की नळजोडणीच्या तक्त्यात टिकमार्क होते, मग पाणी चौथ्या दिवशी येवो की न येवो. चार्जरचा तक्ता त्याच वळणावर चालला आहे.

दुसरीकडे काय केलं आहे ते पाहा. ब्रिटनमध्ये २०२३च्या नियमांनुसार जलद चार्जरचं जाळं वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू राहिलंच पाहिजे, आणि ही सक्ती नोव्हेंबर २०२४पासून लागू झाली. अमेरिकेत केंद्राच्या निधीतून महामार्गांवर बसवलेल्या चार्जरसाठी ही अट ९७ टक्क्यांची आहे. आपल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी रुपये चार्जिंगसाठी ठेवले आहेत आणि चारचाकींसाठी २२,१०० जलद चार्जर बसवायचे आहेत. बसवा की. पण अनुदानाचा एक भाग रोखून ठेवा आणि चार्जर वर्षभर चालल्याची नोंद पाहूनच तो सोडा. प्रत्येक जलद चार्जर नेटवर्कला जोडलेला असतो, तो कधी बंद पडला आणि कधी सुरू झाला याची मिनिटामिनिटाची नोंद कंपनीकडे असते. ती फक्त लोकांसमोर मांडायची आहे. यासाठी नवीन यंत्र लागत नाही, शासन निर्णयातली एक ओळ लागते.

इथे किलोवॅटचीही एक गंमत आहे. फलकावर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं आणि चार्जरला गन दोन असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की अनेक चार्जरवर वीज वाटली जाते आणि दोघांच्या वाट्याला तीस-तीस येतात. ठरलेला थांबा त्यामुळे आणखी लांबतो. फलकावर दोन्ही आकडे लिहा, एवढंच मागणं आहे.

३. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं होतं की महामार्गावर दर २५ किलोमीटरला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चार्जिंग स्टेशन हवं. लोक यातले पंचवीस किलोमीटर लक्षात ठेवतात आणि ‘दोन्ही बाजूंना’ विसरतात. समृद्धीवर मध्ये दुभाजक, बाजूला कुंपण, वाटेत वळण नाही. नागपूरकडे निघालेल्याला मुंबईकडच्या बाजूचा चार्जर समोर दिसला तरी त्याचा उपयोग शून्य. पुढच्या इंटरचेंजला उतरून, उलट येऊन, पुन्हा वळून यायचं म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरची चक्कर, तीही बॅटरी तळाला असताना. नकाशावरची ठिपक्यांची संख्या म्हणूनच फसवी असते. आपल्या दिशेचे ठिपके मोजले की ती निम्मी होते.

आणि आठवण म्हणून: राज्याच्या २०२१च्या धोरणात मुंबई–पुणे, मुंबई–नाशिक, मुंबई–नागपूर आणि पुणे–नाशिक हे चार मार्ग २०२५पर्यंत पूर्णपणे ईव्हीसाठी सज्ज करायचे होते. ती मुदत उलटली, नवं धोरण आलं. जुन्या वचनाचा रस्तावार हिशेब जनतेपुढे ठेवायला हरकत काय आहे?

४. गाड्यांच्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. जाहिरातीत छापलेली रेंज ज्या भारतीय चाचणीतून येते, तिच्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. समृद्धीवरची मर्यादा १२०. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे नव्वदवरून एकशेवीसवर गेलात की तो पावणेदोन पट होतो. पेट्रोलच्या गाडीलाही हा नियम लागू आहे, फक्त तिथे पंप दर दहा किलोमीटरवर असल्यामुळे कोणी हिशेब करत बसत नाही. त्यात आमण्याहून इगतपुरीची चढण येते. पावणेदोन टनांची गाडी साडेपाचशे मीटर वर न्यायला तीनेक युनिट जास्तीचे जातात. येताना उतारावर त्यातले बरेचसे परत मिळतात, पण जाताना ते जवळ असावे लागतात. शोरूममध्ये ताशी १००च्या वेगाची रेंजही लेखी द्यावी, अशी सक्ती करा.

५. आता छप्पर. पेट्रोल पंपावर छत असतं, उजेड असतो, माणूस असतो. हवा आणि पिण्याचं पाणी मोफत द्यावं लागतं, स्वच्छतागृह ठेवावं लागतं. पेट्रोल कमी मिळाल्याचा संशय आला तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागता येतं. हे हक्क आपोआप मिळालेले नाहीत. वर्षानुवर्षांच्या नियमांतून आणि ग्राहकांच्या भांडणांतून ते आले.

चार्जरवर मात्र बहुतेक ठिकाणी काय आहे? उघड्यावर उभं यंत्र, हॉटेलच्या मागच्या कोपऱ्यात, ट्रक लागतात तिथे. भर पावसात एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने गन लावायची. गनला पाण्यापासून संरक्षण असतं, तिचं काही बिघडत नाही. भिजतो तो माणूस. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तापलेली बॅटरी आणि तापलेला चार्जर दोघेही वेग कमी करतात, आणि तासभर उन्हात बसलेली मंडळी एसी लावून तीच वीज पुन्हा खर्च करतात. रात्री अकराला एकटी बाई गाडी चालवत असेल तर तिने या कोपऱ्यात तासभर बसावं, अशी अपेक्षा आपण करतो आहोत. पेट्रोलला पाच मिनिटं लागतात आणि तिथे सगळ्या सोयी आहेत. जिथे तासभर थांबायचं, तिथे काहीच नाही. समृद्धी सुरू झाल्यावर सुरुवातीच्या काळात तर स्वच्छतागृह आणि खाण्याची सोय नसल्याची ओरड सगळ्याच वाहनचालकांची होती. रस्ता आधी आणि माणूस नंतर, ही आपली जुनी खोड.

युनिटच्या मापाचंही तेच. वीज यंत्रात शिरताना मोजता की गनमधून बाहेर पडताना? मधली घट कोणाच्या खिशातून जाते? वैधमापन खात्याचा शिक्का जसा पंपावर दिसतो, तसा इथेही दिसायला हवा.

६. पैसे भरणं. भाजीच्या गाड्यावर यूपीआय चालतं. चार्जरवर मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं अ‍ॅप, त्यात आधी वॉलेट भरायचं, आणि ओटीपी यायला त्या कोपऱ्यात रेंज नसते. युरोपीय संघाने एप्रिल २०२४पासून नव्या जलद चार्जरवर कार्डाने थेट पैसे घेण्याची सोय सक्तीची केली. आपल्याकडे क्यूआर कोड चिकटवायला किती खर्च येतो?

७. घरच्या विजेवर जीएसटी नाही, सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के आहे. इलेक्ट्रिक कारवर जीएसटी फक्त ५ टक्के. म्हणजे गाडी घेताना सवलत, आणि रस्त्यावर ती चालवताना लक्झरी वस्तूसारखी वागणूक. बंगलेवाला घरी भरतो, त्याला याची झळ नाही. चाळीत राहणारा टॅक्सीवाला किंवा सोसायटीने चार्जरला परवानगी नाकारलेला भाडेकरू मात्र दर युनिटला हा कर भरतो. ‘ईव्ही म्हणजे श्रीमंतांचे चोचले, त्यांच्यासाठी सरकारने का खर्च करावा?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर इथेच आहे. टोलमाफीचा मोठा वाटा त्या श्रीमंतांनाच मिळतो. चार्जिंगवरचा कर कमी केलात तर तो टॅक्सीवाल्यापर्यंत पोचेल. हा विषय जीएसटी परिषदेचा आहे, आणि त्या परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो.

८. समृद्धीपेक्षा कोकणचा प्रश्न वेगळा. गणपतीला लाखो माणसं एकाच वेळी पनवेलहून दक्षिणेला निघतात. २०११पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई–गोवा महामार्गावर त्या दिवसांत एका चार्जरपुढे चार गाड्या लागल्या, तर शेवटच्याने आरती चुकली असंच समजावं. बरं, गावी पोचल्यावर घरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर रात्रभर लावू म्हटलं, तर जुन्या घरात अर्थिंग धड नसतं आणि गाडी वीज घ्यायलाच नकार देते. गावातला वायरमन खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून देतो. हे काम चतुर्थीच्या आदल्या रात्री नाही, मे महिन्यातच उरकून घ्यावं.

यावर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय सरकारच्या मालकीचाच आहे: एसटी. राज्यभर अडीचशेच्या आसपास आगारं, बहुतेक तालुक्याच्या गावी, मुख्य रस्त्यालगत. तिथे उजेड असतो, राखण असते, चहा मिळतो, रात्रीही वर्दळ असते. एसटीने १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही इलेक्ट्रिक बस सुरू केली. १९४८ साली एसटीची पहिली गाडीही त्याच तारखेला, त्याच मार्गावर धावली होती. इलेक्ट्रिक बससाठी आगारात उच्चदाबाची जोडणी न्यावीच लागते. तीच थोडी वाढवून स्थानकाच्या आवारात खाजगी गाड्यांसाठी दोन-चार गन लावल्या, तर कायम तोट्यात असलेल्या महामंडळाला दिवसभर उत्पन्न मिळेल आणि प्रवाशाला माणसांत थांबता येईल. कणकवली, महाड, मेहकर, वैजापूर अशा ठिकाणांपासून सुरुवात करता येईल. एसटीची स्थानकं विकासकांच्या घशात घालण्याच्या योजना अधूनमधून निघतात, त्यापेक्षा हे बरं.

९. आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. चार्जरच्या जागेत डिझेलची एसयूव्ही लावून जेवायला जाणारे आहेत, तसे ऐंशी टक्के झाल्यावरही शंभरचा हट्ट धरून मागच्याला तासभर ताटकळत ठेवणारे ईव्हीवालेही आहेत. दोघांनाही दंड हवा. चार्जिंग संपल्यावर गाडी न हलवल्यास मिनिटाला आकार लावला की सवय आपोआप लागते.

टोलमाफी काढून घ्या, असं मी म्हणत नाही. दिली आहे तर राहू द्या. पण पुढच्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराला एक पत्र पाठवा आणि त्यांनी सभागृहात एवढाच प्रश्न विचारावा असा आग्रह धरा: समृद्धीवर आणि मुंबई–गोवा महामार्गावर, प्रत्येक दिशेला, गेल्या तीन महिन्यांत कोणता जलद चार्जर किती तास बंद होता? उत्तर तक्त्याच्या रूपात, चार्जरवार, पटलावर ठेवायला सांगा.