पाटीपूर्वीची शाळा

जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतात. त्याच सुमारास भंडारा जिल्ह्यात धानाचे पऱ्हे टाकलेले असतात आणि शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागलेली असते. पऱ्हे वाढीस लागल्याखेरीज रोवणीला हात घालायचा नसतो, हे तेथील निरक्षर शेतमजूर स्त्रीलाही कोणी शिकवावे लागत नाही. त्याच शेतकऱ्याचा मुलगा शिकून भंडाऱ्यात, तुमसरला वा साकोलीत नोकरीला लागतो, भाड्याच्या घरात राहतो आणि आपल्या तीन वर्षांच्या अपत्याच्या हाती मात्र पेन्सिल देऊन मोकळा होतो. नर्सरीतील मुलाला गृहपाठ असतो. तो न झाल्यास वहीवर लाल शेरा येतो. आईचा चेहरा उतरतो आणि संध्याकाळी त्या कोवळ्या बोटांना धरून ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत गिरवण्याचा सक्तीचा कार्यक्रम सुरू होतो. मनगटाची हाडे पुरती घट्ट झालेली नसताना चाललेल्या या प्रकाराला शिक्षण म्हणावे काय?

हा प्रश्न सुशिक्षित, संस्कारप्रेमी मध्यमवर्गाला विचारणे अधिक आवश्यक आहे. स्वभाषा, स्वसंस्कृती हे शब्द ज्या घरांतून नित्य उच्चारले जातात, त्याच घरांतील मुले तिसऱ्या वर्षी परभाषेतील अक्षरे घोटत बसलेली दिसतात. गरिबाला पर्याय नसतो. येथे तर पर्याय हाताशी असून तो नाकारलेला असतो.

आणि हा पर्याय महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक (1892–1973) यांचे नाव आज शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रश्नपत्रिकेपुरते उरले आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या या विदुषीने पुढे भावनगर गाठले. वकिली सोडून गिजुभाई बधेका यांनी तेथे 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले होते. डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार भारतीय घरात आणि भारतीय भाषेत कसे रुजवावेत, याचे प्रयोग तेथे चालत. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी शिक्षणपत्रिकेतून मराठी पालकांना बालशिक्षणाचा परिचय करून दिला आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभा केला. शहरातील सुखवस्तू घरांची मुले तेथे येत. एखादी व्यक्ती एवढ्यावर समाधान मानून राहिली असती.

ताराबाईंना मात्र एक शल्य होते. माँटेसरींची साधने घोटीव लाकडाची, मोजमापाने केलेली, महाग. खेड्यातील मुलाने काय करायचे? महात्मा गांधींनीही खेड्यातील दरिद्री मुलांची हीच चिंता 1931 मध्ये लंडनला माँटेसरींच्या भेटीत मांडली होती. 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या. बालपणी वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकलेल्या पस्तीस वर्षांच्या शिक्षिका. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले.

कोसबाडला काय घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. आरंभी मुले शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच पाड्यात, झोपडीसमोरच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या अनुभवातून आला. आज देशभर रूढ झालेला हा शब्द एका मराठी शिक्षिकेच्या पायपिटीतून निघाला आहे, याची जाण किती जणांना असते? जरा मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणावर गेली, ती कुरणशाळा. थोरली बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी अडकते, हे ध्यानी आले तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. साधने म्हणून बिया, शिंपले, दगड, पाने, काड्या. मूल त्यांची वर्गवारी करी, लहानमोठे ओळखी, मोजी, रांगेत मांडी. बाई शेजारी बसून पाहत. मुलाचे काम चालू असताना मध्ये बोलायचे नाही, हा त्यातला सर्वांत अवघड नियम, आणि तो मोठ्यांसाठी होता.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. मुलाला त्याच्या मर्जीने वागू दिले तर शिस्त कोठून येणार, संस्कार कसे होणार? ज्यांनी अशी बालवाडी डोळ्यांनी पाहिली नाही त्यांचाच हा आक्षेप असतो. तेथे मूल काम निवडते, ते पुरे करते, साधन जागच्या जागी ठेवते, दुसऱ्याच्या हाती असलेली वस्तू हिसकावत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबते. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या आज्ञेने मिळणारी शांतता बाईंची पाठ वळताच संपते. माँटेसरींच्या शाळांतील कित्येक मुले चार-पाच वर्षांची असताना लिहू लागत, हेही सांगितले पाहिजे. परंतु त्याआधी हात ओतणे, घासणे, आकार गिरवणे, खरखरीत कागदावरील अक्षरांवरून बोट फिरवणे यांतून तयार झालेला असे. घोटून घेतलेले अक्षर आणि फळासारखे पिकून आलेले अक्षर यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप परकीयत्वाचा. माँटेसरी इटालियन हे खरे. मुसोलिनीच्या राजवटीने प्रथम त्यांना आश्रय दिला. पण मुले राज्याच्या साच्यात ओतण्याचा आग्रह वाढला तशी फारकत झाली आणि तेथील त्यांच्या शाळा बंद पडल्या. 1939 मध्ये त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि युद्धामुळे 1946 पर्यंत भारतातच राहिल्या. या भूमीने त्यांचे जे स्वागत केले ते परकी म्हणून नव्हे. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांचा आधार घेतला आहे. अन्नमय कोशापासून आनंदमय कोशापर्यंत पायरीपायरीने जाणारी ही दृष्टी आणि ‘आधी इंद्रिये, मग अक्षर’ हा बालवाडीचा क्रम यांत विसंगती शोधूनही सापडत नाही.

भंडाऱ्यापुरता यात भाषेचा एक पेच आहे. झाडीपट्टीतील मूल घरी झाडीबोली बोलते. त्याच्या तोंडी ‘पानी’ असते; पुस्तकात ‘पाणी’. बालवाडीच्या पहिल्याच दिवशी बाईंनी त्याला ‘नीट बोल’ म्हटले की ते मूल वर्षभर बोलायचे थांबते. इंग्रजी नर्सरीत तर त्याची बोलीही जाते आणि मराठीही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकसलग पायाभूत स्तर मानली आणि घरच्या भाषेवर भर दिला. 2025 मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्यात केवढे वादळ उठले. शासनाला जूनमध्ये आपले निर्णय मागे घ्यावे लागले. पहिलीपूर्वीच्या तीन वर्षांत मूल कोणत्या भाषेत ऐकते, बोलते, हसते, यावर त्या गदारोळात कोणी ब्र काढला नाही.

शासनाची अंगणवाडी 2 ऑक्टोबर 1975 पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून उभी राहिली. तिच्या सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण आहे. तरी पोषण आहार, लसीकरण, वजन-उंची, नोंदवह्या आणि आता मोबाइलवरील माहिती भरून झाल्यावर मानधनावरील सेविकेकडे मुलांसाठी वेळ किती उरतो? गावकरीही तिला ‘खिचडीवाली बाई’ समजतात आणि ऐपत येताच आपले मूल पिवळ्या गाडीतून तालुक्याला धाडतात. ताराबाईंच्या शब्दाचे हे झालेले रूप आहे.

स्वतःच्या अंगणातील धूळही झटकली पाहिजे. संघविचारांच्या संस्थांनी चालविलेल्या शिशुवाटिकांत मातृभाषा आहे, कथा, गीत, खेळ आहेत, ही समाधानाची बाब. पण स्नेहसंमेलनात चार वर्षांच्या मुलाने किती श्लोक बिनचूक म्हटले यावर वाटिकेची प्रतिष्ठा ठरू लागली, तर ती नर्सरीपेक्षा वेगळी कशी? आजीच्या मांडीवर बसून ऐकता ऐकता मुखोद्गत झालेला श्लोक आणि ध्वनिक्षेपकासमोर घामाघूम होऊन म्हटलेला श्लोक एक नव्हे. येथे कार्यकर्त्यांनी पालकांच्या हौसेला नकार देण्याचे धैर्य दाखवावे.

खर्चाची सबब तर कोणी सांगूच नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुले आपापला लाकडी बैल सजवतात, ओढत नेतात, दारोदार बोजारा मागतात. मोठे फक्त बाजूला उभे राहून पाहतात. ते बैल घडवणारे सुतार गावोगावी आहेत. त्यांच्याकडे लाकडाचे तुकडे पडलेले असतात. ते घासून ठोकळे करायला दोन दिवस पुरतात. मोहाच्या टोळ्या, चिंचोके, तलावाकाठचे शिंपले उन्हाळ्यात हवे तेवढे मिळतात. जिल्ह्यातील सातही तालुक्यांत जेथे शाखा वा महिला समितीचे काम आहे, तेथील चार-दोन जणांनी आपल्या गावच्या अंगणवाडीत आठवड्यातून एक सकाळ द्यावी, सेविकेच्या नोंदवह्या भरून द्याव्यात आणि तेवढा वेळ तिला मुलांसोबत जमिनीवर बसू द्यावे. रोवणीच्या दिवसांत, आया बांधीत असताना, याची गरज सर्वाधिक असते.